गांगुर्डेबाईंचे हात

गांगुर्डेबाई बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, दातांकडे बघत. पहिल्या भेटीत मला वाटलं माझ्या दातात मेथी अडकली आहे, म्हणून मी ओठ मिटून बोलायला लागले. तशा त्या म्हणाल्या, "मिटू नकोस. वरचा डावा सुळा थोडा पुढे आहे तुझा. चांगला आहे. कोणी सरळ करून घे म्हणालं तर ऐकू नकोस."

मला नाशिकला नोकरीसाठी येऊन तेव्हा आठच दिवस झाले होते. उपनगर भागात एक खोली भाड्याने घेतली होती. शेजारच्या फाटकावर पुठ्ठ्याची पाटी होती, ‘येथे क्ले शिकवतात’. नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारायला मी त्या घरात शिरले आणि सुळ्याचा निकाल घेऊन बाहेर आले. पाण्याची वेळ विचारायची राहूनच गेली.

दातांकडे बघण्याचं कारण पुढे कळलं. बाईंनी बावीस वर्षं कवळ्या बनवल्या होत्या. शालिमारजवळ दातांच्या डॉक्टरांसाठी काम करणारी एक लॅब होती. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे आणि बाई त्यावर मेणात एकेक दात बसवायच्या. शिक्षण दहावी पास. झाडलोटीसाठी म्हणून लागल्या होत्या, बघून बघून शिकल्या आणि शेवटी मालकसुद्धा अवघड काम त्यांच्याकडे सरकवायला लागला.

त्या काळातली एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. त्र्यंबकेश्वरचे एक आजोबा नवी कवळी रुमालात बांधून थेट लॅबवर आले. म्हणाले, "बाई, दात झकास हाय. पण हे माझे नाय. आरशात कोणी दुसराच हसतो. आमच्या घरचीबी म्हनती, पाव्हनं कोन आलं?" डॉक्टरांनी सगळे दात एका ओळीत सरळ बसवून घेतले होते आणि आता समजावून त्यांना परत पाठवलं होतं. बाईंनी विचारलं, जुना फोटो आहे का. दुसऱ्या दिवशी आजोबा लग्नातला फोटो घेऊन आले. फोटोत पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता. बाईंनी कवळीतला तो दात काढला आणि तसाच चढवून बसवला. आजोबांनी कवळी घातली, आरशात बघून हसले आणि हसताना त्यांचा हात आपोआप तोंडापुढे गेला.

"लहानपणापासून तो दात झाकायची सवय असणार त्यांना," बाई म्हणायच्या. "ती परत आली, तेव्हा मला कळलं कवळी बसली."

पुढे लॅबमध्ये संगणकावर दात कापणारं यंत्र आलं आणि बाई घरी बसल्या. त्यांच्या मुलीने हौसेने पॉलिमर क्लेच्या रंगीत वड्या मागवल्या होत्या. पंधरा दिवसांत हौस फिटली, पुढे लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि वड्या कपाटात राहिल्या. बाईंनी एक उघडली. लॅबमधून आणलेल्या मेण कोरायच्या सुऱ्या आणि टोचण्या घरात होत्याच. "मेणात बावीस वर्षं दुसऱ्यांचे दात केले," त्या सांगायच्या, "पहिल्यांदा स्वतःसाठी काही केलं ते बोर. झाडावरचं बोर. किडकं."

ते बोर मी पाहिलं आहे. टीव्हीच्या शेजारी बशीत ठेवलेलं असायचं. माझी आई एकदा सायखेड्याहून मला भेटायला आली आणि बोलता बोलता तिने ते उचलून तोंडाजवळ नेलं. बाईंनी हात धरला म्हणून बरं. आईने उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला. "ही कसली माती, हिला मातीचा वासच नाय," ती म्हणाली.

"माती नाहीच ती, आक्का. प्लास्टिक आहे. मातीचं सोंग घेतलंय."

"मग कीड का लावली बोराला? चांगलं करायचं ना."

"चांगलंच केलंय. कीड नसती लावली तर तुम्ही उचललं असतं का?"

आई यावर खूप हसली. परत जाताना मला म्हणाली, "बाई लय हुशार हाय. किती शिकलीय?" मी म्हटलं, दहावी. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला राग आला. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आई दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत विरळणीला, घडातले जादा मणी काढायला जायची आणि मी सायकलने बसस्टँडवर येऊन कॉलेज गाठायचे. बी.कॉम. झाले, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्या दिवशी मात्र दहावी आणि बी.कॉम. यांच्यात नेमकं किती अंतर असतं, असा प्रश्न पहिल्यांदा पडला आणि मी तो लगेच बाजूला सारला.

शनिवारी दुपारी मीही बाईंच्या वर्गात बसायला लागले. सहा-सात बायका असायच्या. बहुतेकींना कानातले करून मोबाईलवरून विकायचे असायचे. बाई पहिला अर्धा तास काहीच करू द्यायच्या नाहीत, नुसतं मळायला लावायच्या. ही क्ले थंड असली की तडकते, मळून मळून हाताच्या उबेने मऊ करावी लागते. कोणी कंटाळून विचारलं, "झालं का, बाई?" की बाई म्हणायच्या, "तिला विचार." आधी पांढरा रंग, काळा सगळ्यात शेवटी. लोकरीचा स्वेटर घालून आलेलीला परत पाठवायच्या, कारण पांढऱ्यावर एक तंतू बसला तरी भाजल्यावर तो जन्मभर दिसतो. छोट्या ओव्हनला त्या भट्टी म्हणायच्या आणि भट्टीत माल गेला की उठून खिडक्या उघडायच्या.

एकदा त्यांनी द्राक्षाचा घड करायला सांगितला. आम्ही सगळ्यांनी हिरव्या गोळ्या वळल्या आणि शंकरपाळ्यासारख्या नीट रचून ठेवल्या. बाईंनी फ्रीजमधून खरा घड काढला. "यातली दोन सारखी द्राक्षं दाखवा. दाखवणारीला पुढचा महिनाभर चहा मी करून देईन." आम्ही शोधलं. सापडली नाहीत. मी जन्मापासून बागा पाहिलेली, मला तरी माहीत असायला हवं होतं. उन्हाकडचा मणी पिवळट, आतला काचेसारखा हिरवा, देठाजवळचा चेपलेला. आईच्या हाताला हे सगळं ठाऊक होतं. मी वह्यांत डोकं घालून बसले होते.

बाईंचा एक नियम होता. शिकणाऱ्याच्या कामाला त्या हात लावत नसत. आपला वेगळा गोळा घ्यायच्या, त्यावर दाखवायच्या आणि दाखवून झालं की लगेच चुरगळून टाकायच्या. एखादी काकुळतीला यायची, "बाई, एवढी पाकळी तुम्हीच वळून द्या ना." बाई म्हणायच्या, "माझे हात घरी राहिले गं." आम्ही बसलेलो असायचो त्यांच्याच घरात. तरी पाकळी मिळायची नाही.

मी ज्या शाळेच्या कार्यालयात कारकून होते, तिथे हस्तकलेच्या शिक्षिकेची जागा निघाली. मानधनावरची होती. स्नेहसंमेलनापर्यंत काम बघू, मग वर्षभरासाठी घेऊ, असं मुख्याध्यापिकांचं म्हणणं होतं. आम्ही त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचो. मी बाईंचं नाव सुचवलं आणि अर्जही मीच भरून दिला. ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.

"थांबतेस कशाला? दहावी लिही," बाई म्हणाल्या.

"खाली अनुभव लिहिते. लॅबचा."

"ते लिही. पण दहावी मोठ्या अक्षरात लिही. आमच्या घरात तेवढंही कोणी शिकलं नव्हतं."

मग जरा वेळाने, भट्टीचं बटण उगाच पुसत त्यांनी विचारलं, "मस्टरवर सही असते का गं, मानधनवाल्यांना?"

मी म्हटलं, असते. वर्षाची नेमणूक झाल्यावर, वेगळ्या पानावर, पण असते.

बाईंची आई नगरपालिकेच्या एका शाळेत पाणी भरायची. शिक्षकांच्या सह्यांचं मस्टर या टेबलावरून त्या टेबलावर तीच न्यायची. हे बाईंनी मला त्या दिवशी एकदाच सांगितलं, परत कधी नाही. नोकरीत पैसे फार नव्हते. त्यांना ती नोकरी का हवी होती, हे मात्र मला कळलं.

बाई शाळेत आल्या आणि मुलांना आवडल्या. पाचवीच्या वर्गाला स्नेहसंमेलनासाठी काम दिलं होतं. पाहुण्यांना आणि देणगीदारांना भेट म्हणून तीस पेनं द्यायची, प्रत्येक पेनाच्या टोकावर क्लेचा पोपट. आधी रिफिल काढून घ्यायची, पेनावर क्ले चढवायची, पोपट बसवायचा, भाजायचं आणि गार झालं की रिफिल परत घालायची. बाईंनी मुलांना पोपटाचं चित्र दाखवलं नाही. शाळेच्या मागे मोठं पिंपळाचं झाड आहे, त्यावर पोपट असतात. चार दिवस त्यांनी वर्गाला नुसतं झाडाखाली उभं केलं. शिपाई मला येऊन म्हणाला, "मॅडम, नव्या बाई पोरांना वर बघायचा पगार घेत्यात काय?"

पाचव्या दिवशी पोपट झाले. एक ढेरपोट्या, एक मान वाकडी करून खाली बघणारा, एकाची चोच त्याच्या अंगापेक्षा मोठी. ऋतुजा नावाची एक मुलगी होती, वर्गात कधी हात वर न करणारी. तिचा पोपट झोपलेला होता. मान पूर्ण मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, एक पाय पोटात घेतलेला. शाळेची रिक्षा लवकर येते म्हणून ती सकाळी सगळ्यांच्या आधी पोचायची, तेव्हा तिने तो तसा पाहिला होता. समोरून बघितलं तर नुसता हिरवा गोळा दिसायचा. बाईंनी ते पेन हातात न घेता, टेबलाभोवती फिरून सगळीकडून पाहिलं. कार्यालयात येऊन मला म्हणाल्या, "मनीषा, एक मुलगी बघते."

"काय बघते?"

"बघते गं. बाकीचे करतात."

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर पेनं भाजायची होती. भट्टी जड, म्हणून मीही मदतीला गेले होते. मोठ्या मॅडम आल्या. त्या वाईट नव्हत्या. शाळा उभी करायला त्यांनी दारोदार फिरून मदत मिळवली होती आणि तीच माणसं सोमवारी पुढच्या रांगेत बसणार होती. त्यांनी ट्रेवरून नजर फिरवली.

"छान आहेत हो. पण गांगुर्डे मॅडम, हे पाहुण्यांच्या हातात द्यायचंय. जरा सारखे करून घ्या ना. आणि याला तर डोकंच नाही."

"आहे. मागे आहे. झोपलाय तो."

"स्टेजवर कुणाला कळणार झोपलाय ते? तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम. सोमवारी कमिटीसमोर तुमचंही नाव घ्यायचंय मला."

त्या गेल्या. बाई ट्रेसमोर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "करा की, बाई. पोरं घरी गेली, त्यांना काय आठवणार? एवढ्यावर नोकरी नका घालवू." हे मी म्हटलं. इथे लिहून ठेवते, कारण नंतर बाईंनी मला कधी बोलून दाखवलं नाही.

बाईंनी हात धुतले, पुसले आणि स्टुलावर बसल्या.

त्यांना पूर्ण वेगात काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शनिवारच्या वर्गात त्या आमच्यासाठी सगळं सावकाश करायच्या. आता अंगठा आणि टोचणी यांच्यामध्ये पोपट फिरायचा, ढेरी आत जायची, मान वर यायची, चोच निमुळती व्हायची. एका पोपटाला पुरतं मिनिटही लागत नव्हतं. इतकं देखणं काम मी आजवर कुणाचं पाहिलेलं नाही. झोपलेला पोपट त्यांनी शेवटी घेतला. बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग त्याची मान पुढे आणली, पाय खाली सोडला, डोळा उघडला. तीस पोपट समोर बघत रांगेत उभे राहिले आणि आम्ही भट्टी लावली.

सोमवारी कार्यक्रम फार चांगला झाला. पेनं हातोहात गेली, एका देणगीदाराने आणखी दोन मागितली. मोठ्या मॅडमनी स्टेजवरून बाईंचं नाव घेतलं. बुधवारी कमिटीने वर्षभराची नेमणूक मंजूर केली आणि गुरुवारी सकाळी बाईंनी माझ्या टेबलावर मस्टर ओढून सही केली. सही म्हणजे पूर्ण नाव, शाळेत लिहितात तसं एकेक अक्षर सुटं. मागे दोन शिक्षक खोळंबले होते. मी त्यांना थांबवून धरलं.

त्याच दिवशी पाचवीच्या तासाला त्यांनी क्ले वाटली. ऋतुजाने आपला गोळा घेतला नाही.

"काय गं, बरं नाही का?"

"तुम्हीच करा, मॅडम," ती म्हणाली. "तुमचा छान होतो."

टोमणा नव्हता. पोरीने खरंच सांगितलं होतं. संमेलनाच्या दिवशी ट्रे स्टेजवर जाण्याआधी ती मागे जाऊन आपला पोपट शोधत होती, हे शिपायाने मला नंतर सांगितलं. सगळे जागे होते. आपल्याला जमलं नाही म्हणून मॅडमना तो नव्याने करावा लागला, एवढंच तिला कळलं होतं.

बाई त्या संध्याकाळी माझ्याकडे आल्या, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्या आजोबांना डॉक्टरने काय केलं होतं, माहितीये ना? तेच मी केलं." आणि चहा न घेता गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला उभं राहून सांगितलं, "तुमच्या पोपटांना मी हात लावला. तुम्हाला विचारलं नाही. चूक माझी." मुलांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. ढेरपोट्यावाला मुलगा म्हणाला, "माझा बराच सुधारला होता, मॅडम." वर्ग हसला, बाईही हसल्या. ऋतुजा हसली नाही आणि तिने गोळाही घेतला नाही.

मग बाई मोठ्या मॅडमकडे गेल्या. माझं टेबल बाहेरच, दार उघडं होतं. "पुढच्या वर्षी भेटवस्तू पोरं करतील तशा द्यायच्या, नाहीतर बाजारातून आणायच्या. मी सारख्या करून देणार नाही."

"मॅडम, आत्ताच तर ऑर्डर निघाली तुमची. कशाला वाद घालता?"

"वाद नाही. आधी सांगून ठेवते. नको असेन तर एप्रिलमध्ये सांगा, मी जाईन."

मोठ्या मॅडमनी समोरची फाईल ओढली. "एप्रिलचं एप्रिलला बघू," त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "सहीचं काय मग?" बाई म्हणाल्या, "सही झाली ना. आईला दाखवायची होती तेवढी झाली." त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

नोकरीपेक्षा आता त्यांना त्या पोरीचीच चिंता लागली होती. पण त्यांनी तिची समजूत काढली नाही, कौतुकही केलं नाही. तिला मळायचं काम दिलं. सगळ्या वर्गासाठी ऋतुजा मळायची. आठवडा, दोन आठवडे, महिना. ती चांगलं मळायची. मुलं तिच्यापुढे रांग लावायची आणि ती ज्याला त्याला गोळा द्यायची, स्वतःसाठी ठेवायची नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, तिला जरा बळंच बसवा ना करायला." बाई म्हणाल्या, "बळं एकदा करून झालंय माझं."

मार्चमध्ये माझी बदली झाली, संस्थेच्या घोटीच्या शाखेत. बढती होती, वरिष्ठ लिपिक. आईने गल्लीत पेढे वाटले. शेवटच्या दिवशी टेबलाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात देऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन मी हस्तकलेच्या खोलीकडे निघाले. शाळा सुटून गेली होती. खोलीची खिडकी उघडी होती. काहीतरी भाजायचं असणार, म्हणून मी वासाचा अंदाज घेतला. वास नव्हता.

आत दोघीच होत्या. ऋतुजा टेबलाशी उभी राहून काहीतरी करत होती. माझ्याकडे तिची पाठ होती. चार पायांचं काहीतरी असावं. उभं केलं की एका बाजूला कलायचं, ती परत उभं करायची, परत कलायचं. बाई तिच्या समोर स्टुलावर बसल्या होत्या. दातांकडे नाही, पोरीच्या बोटांकडे बघत होत्या. आणि बसल्या होत्या त्या आपल्या दोन्ही तळव्यांवर. लहान मुलं थंडीत बसतात तशा, हात मांड्यांखाली दाबून.

ते जनावर परत कललं. त्याचा एक पाय तुटून पडला. बाईंचा खांदा पुढे आला, मी पाहिला. मग त्या जरा हलून आणखी घट्ट बसल्या. पोरीने तो पाय उचलला, इकडेतिकडे लावून पाहिला आणि भलत्याच ठिकाणी चिकटवला.

पेढे देणं राहून गेलं. आत जावंसं वाटेना. घोटीची बसही निघणार होती.

"मॅडम, टेकूला ती पट्टी द्या," ऋतुजा वर न बघता म्हणाली.

बाईंनी एक हात बाहेर काढला, पट्टी उचलून तिच्या बाजूला टेबलाच्या कडेला ठेवली आणि हात परत खाली घेतला.